आधी खरेदी, मग पंढरी

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. मुक्काम धरून अठरा-वीस दिवस लागतात. माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसं दरवर्षी हे अंतर चालून जातात आणि त्यांतल्या बहुतेकांनी निघण्यापूर्वी कसलंही मार्गदर्शन घेतलेलं नसतं. शोचनीय प्रकार आहे. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही शिकलेले आहात, पगार वेळेवर होतो आणि रजाही मंजूर झाली आहे. तेव्हा चालण्याची घाई करू नका. चालता काय, कोणालाही येतं. सामान जमवणं हे शास्त्र आहे आणि ते पायरीपायरीनंच शिकावं लागतं.

पायरी १ : यादी करा

यादीत तीन सदरं पाडा : ‘अत्यावश्यक’, ‘आवश्यक’ आणि ‘असलेलं बरं’. खरेदीला तिसऱ्या सदरापासून सुरुवात करा, कारण सवलत नेहमी त्याच मालावर असते.

सल्ला घ्यायचा तर हिमालयात जाऊन आलेल्या मित्राचा घ्या. उणे दहा अंशांत अंगावर किती थर घालावेत हे तो डोळे मिटून सांगतो. आषाढात फलटणचा पारा उणे दहाला जात नाही, पण तयारीत कसर नको. वारी केलेल्या माणसाला मात्र चुकूनही विचारू नका. तो हमखास म्हणणार, “काही लागत नाही हो, चला.” अशा बेजबाबदार उत्तरानं यादी एका ओळीनंही पुढे सरकत नाही.

पायरी २ : पायांपासून आरंभ करा

घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे, बर्फाळ खडकांसाठी बनवलेले बूट घ्या. जोडी किलोभर तरी भरली पाहिजे. माउलींचा पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ झाला आहे. महामार्गावर घोट्याला किती आधार लागतो हे वेगळं सांगायला नको. बुटाच्या तळाची खोल नक्षी चिखल धरून ठेवायला उत्तम. डांबरावर ती नुसती वाजते, पण त्यानं निदान पुढच्या रांगेला तुम्ही येताय हे कळतं.

जाणकार सांगतात की बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. अर्धा-एक नंबर मोठे घ्यावेत, कारण चालून ते आणखी सुजतात. आणि निघण्याआधी महिनाभर रोज वापरून पायाला बसवून घ्यावेत. तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत. म्हणूनच तुम्ही प्रस्थानाच्या आदल्या रविवारी सकाळी अकराला मॉलमध्ये जा, दुकानातल्या गालिच्यावर चार पावलं टाका, आरशात बघा आणि बिल करा. रूढ पद्धत हीच आहे.

काटकसरी मंडळी पाच-सहा वर्षांपूर्वीचे बूट माळ्यावरून काढतात. त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. अशा बुटांच्या तळातला फोम दमट हवेत आतल्या आत कुजत असतो. वरून बूट नवाकोरा दिसतो. मग दिवे घाटाच्या अलीकडे, वडकी नाल्याच्या आसपास, तळ आख्खा सुटून हातात येतो. वारीच्या वाटेवर चर्मकार मंडळी वारकऱ्यांची पायताणं फुकट शिवून देतात, त्यांच्याकडे जा. समोरचे काका आजीबाईंच्या चपलेचा तुटलेला अंगठा दोन टाक्यांत बसवून देतील. मग तुमचा बूट हातात घेतील, उलटा करतील, तळ अंगठ्यानं दाबतील, भुगा खाली पडलेला बघतील आणि अतिशय आदरानं बूट परत देतील. “माउली, ह्याला टाका धरायला जागाच नाही.”

पायरी ३ : बुटांवर उपाय म्हणून मोजे घ्या

सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतो. म्हणून मोजे लोकरीचे घ्या. एकावर एक दोन घातले तर मोज्याला मोजा घासतो आणि कातडी वाचते, हेही खरं. मात्र दोन मोजे घातल्यावर बूट आवळतो, पाय उकडतो. त्यासाठी पावडर घ्या. पावडर घामात कालवली गेली की तिचा लगदा होतो. त्यासाठी ओले रुमाल घ्या. दोन जोड वाळेपर्यंत तिसरा जोड लागतो. तो पाठपिशवीला लटकवायला चिमटे घ्या.

या शास्त्राचं मूलतत्त्व इथे ध्यानात आलंच असेल : प्रत्येक वस्तू ही आधीच्या वस्तूनं दिलेल्या त्रासावरचा इलाज असते. हे एकदा पटलं की दुकानात संकोच वाटत नाही.

इतकं करून फोड आलाच तर परदेशी जेलची पट्टी लावा. दुसऱ्या दिवशी तिची कड सुटते, ती मोज्याला चिकटते आणि मोजा काढताना कातडीही बरोबर घेऊन येते. दिंडीतली जुनी माणसं सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढतात आणि हरिपाठाला बसतात. डॉक्टर लोक या प्रकाराला नाक मुरडतात. तुम्हीही मुरडा. लंगडत मुरडलं तरी चालेल.

पायरी ४ : अंगावर काय घालावं

सुती कापड घाम शोषून ओलं राहतं, कृत्रिम धाग्याचं कापड लवकर वाळतं. म्हणून ‘झटपट वाळणारे’ टी-शर्ट घ्या, निदान पाच. ते खरोखरच झटपट वाळतात. फक्त घामाचा वास त्यांच्यात मुक्कामाला राहतो आणि धुऊनही हलत नाही. जेजुरीपर्यंत तुमच्या आजूबाजूला ऐसपैस जागा झालेली असेल. लाखोंच्या गर्दीत ही सोय थोडीथोडकी नाही.

जीन्स नेऊ नका, असं सगळे सांगतात. ती भिजली की जड होते, दोन दिवस वाळत नाही आणि तिची जाड शिवण मांड्या काचते. तरीही एक घ्याच. “परतीच्या प्रवासात एसटीत घालायला” हे कारण यादीत नोंदवून ठेवा, म्हणजे प्रश्न मिटला. काचलेल्या मांड्यांना खोबरेल तेल पुरतं, पण ते घरात असतंच. घरात असलेली वस्तू ही तयारी धरली जात नाही. त्यासाठी वेगळं मलम विकत आणा.

याउलट दिंडीतल्या बायांचं नववारी लुगडं पाहा, आणि पाहून सोडून द्या. ते दिवसा अंगावर असतं. ओझं डोक्यावर घेताना त्याच्या पदराची चुंबळ होते. उन्हात तोच पदर डोक्यावर येतो. रात्री जुनं लुगडं अंथरायला, पांघरायला आणि आडोशालाही लागतं. नीरेच्या पाण्यात धुतलं की दोघी दोन टोकं धरून उभ्या राहतात, माळावरचं वारं त्यात भरतं आणि गप्पा संपायच्या आत लुगडं वाळतं. एवढं सगळं करणारी वस्तू खेळाच्या सामानाच्या दुकानात असती तर तिला बारा खिसे असते आणि किंमत पाच आकडी असती. दुकानात मिळत नसल्यामुळे आपण तिचा विचार करू शकत नाही.

पायरी ५ : पावसाचा बंदोबस्त

तिथीला हवामान खात्याशी काही कर्तव्य नसतं. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला. म्हणजे गेल्या खेपेला कोणाला काय अनुभव आला, त्यावरून यंदाचं काहीच ठरवता येत नाही. अशा वेळी सुज्ञ माणूस सगळ्यात महागडं जाकीट घेतो.

जाकिटावर ‘१०,००० मिलिमीटर’ असं लिहिलेलं शोधा. याचा अर्थ असा, की कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी थेंब झिरपणार नाही. आळंदी ते पंढरपूर कोणी तुमच्या डोक्यावर असा स्तंभ उभा करत नाही, पण केलाच तर तुम्ही तयार असाल. शिवाय हे जाकीट ‘श्वास घेतं’. आतली घामाची वाफ बाहेर जाते, बाहेरचं पाणी आत येत नाही. अट एकच : वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. जूनअखेरच्या दमट हडपसरला या अटीची कल्पना कोणी दिलेली नसते. त्यामुळे जाकीट बाहेरून कोरडं आणि तुम्ही आतून चिंब. पैसे वाया गेले असं मनात आणू नका. भिजलात, पण स्वतःच्या घामानं भिजलात.

एरवी घाट चढून पलीकडे गेलं की पर्जन्यछायेचा टापू लागतो. फलटण, माळशिरस हे तर पावसाची वाट पाहणारे तालुके. तिथे ऊन आणि वारा भरपूर. जाकीट मग पुढचे बारा-पंधरा दिवस सांभाळायला होतं.

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मीटरवर प्लास्टिकचा कागद मिळतो. अनुभवी वारकरी तो चार हात फाडून घेतात. पाऊस आला की डोक्यावरून, चिखल असला की खाली, रात्री गळलं की पिशवीवर. ऊन पडलं की घडी करून काखेत. याला ना टोपी, ना चेन, ना हमीपत्र. अशा वस्तूवर भरवसा ठेवणाऱ्यांची कीव करा आणि पुढच्या पायरीकडे वळा.

पायरी ६ : पाठपिशवी

साठ लिटरची घ्या. चाळीस लिटरची घेतलीत तर सामान कमी न्यावं लागेल, म्हणजे मग आतापर्यंतची मेहनत फुकट. पाठीवरचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावं, असा एक नियम आहे. तो पाळणं सोपं आहे : निघण्यापूर्वी पिशवीचं वजन करू नका.

पिशवीचा कमरपट्टा नीट आवळा. बहुतेक भार खांद्यांवर न येता कमरेवर यायला हवा. छातीवरचा पट्टा, खांद्यावरचे बंद, बाजूचे बंद, वरचे बंद असं सगळं क्रमानं ओढा. हे शिकायला घरी दोन संध्याकाळी द्या. मग दिंडीत दाखल झाल्यावर कळेल की भिशी भरलेल्या प्रत्येकाचं सामान सकाळी ट्रकमध्ये जातं आणि संध्याकाळी तळावर परत मिळतं. तुमची पिशवी चालणार नाही, ती बसून जाणार. तिच्यावर वळकट्या पडणार, वळकट्यांवर पातेली. संध्याकाळी ट्रकपाशी गेल्यावर आपली पिशवी चटकन ओळखू येते : जिचे बंद बाकी सगळ्यांच्या सामानात अडकलेले असतात, ती आपली.

यावर दोन मार्ग आहेत. पिशवी ट्रकमध्ये देऊन दिवसभरासाठी एक छोटी पाठपिशवी विकत घ्या. किंवा स्वाभिमानानं मोठीच पाठीवर घेऊन चाला. दुसरा मार्ग दिवे घाटापर्यंत टिकतो. पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा सगळ्यात मोठा आहे आणि घाट नेमका त्याच्या उत्तरार्धात येतो. स्वाभिमानही साधारण तिथेच उतरतो.

पायरी ७ : काठ्या, नळी आणि इतर अवयव

घडीच्या दोन काठ्या घ्या. उतारावर गुडघ्यांवरचा ताण कमी होतो. आता पिशवी ट्रकमध्ये गेल्यामुळे काठ्यांची गरज राहिलेली नाही, हे मान्य. पण घेतल्यात ना? मग वापरा. दिंडी रांगेनं चालते. तुमची काठी मागच्या टाळकऱ्याच्या नडगीला दर चौथ्या पावलाला लागेल. तो “माउली, माउली” म्हणेल. हा नामजप नसून तक्रार आहे, हे ओळखायला शिका. दोन्ही हात काठ्यांत गुंतल्यामुळे टाळ धरता येत नाही, पाऊली खेळता येत नाही आणि चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणात घोडा दौडत गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला हात मोकळा मिळत नाही. पण गुडघे शाबूत राहतात.

पाण्यासाठी पाठीवरची पिशवी आणि तोंडापर्यंत येणारी नळी घ्या. तिला धुवायला वेगळा ब्रश लागतो, तोही घ्या. वाटेत गावोगावचे लोक कळश्या, पिंप, टँकर घेऊन उभे असतात आणि पुढे होऊन पाणी देतात. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडूही देतात. अशा वेळी नम्रपणे नकार द्या, नळीतलं कोमट, प्लास्टिकच्या वासाचं पाणी ओढा आणि खिशातली सुक्या मेव्याची वडी चावा. वडीच्या वेष्टनावर उष्मांक छापलेले असतात, लाडवावर नसतात. हिशेब ठेवणाऱ्यानं लाडू खावा कसा?

पायरी ८ : एकाच दिवसाची वारी असेल तर

आळंदी ते पुणे एवढाच टप्पा चालणाऱ्यांनी वरचं सगळं विसरावं. त्यांच्यासाठी साहित्य वेगळं : कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, तयार शिवलेली नववारी, चापाची नथ आणि भाड्यानं आणलेलं तुळशीवृंदावन. ते डोक्यावर दीड मिनिट ठेवता आलं तरी पुरे, तेवढ्यात छायाचित्र होतं. कंपनीचं बोधचिन्ह पुढे आणि विठोबा मागे असा टी-शर्ट असेल तर पाठमोरे उभे राहा. बुक्का नाकाच्या शेंड्याला लागू देऊ नका, तिथला उजेड बिघडतो. दुपारी विसाव्याला बसल्यावर गाडी मागवून घ्या आणि संध्याकाळी लिहिताना ‘चाललो’ हे क्रियापद मोघम वापरा.

पायरी ९ : शेजाऱ्यांच्या सामानाकडे पाहू नका

ही सगळ्यात अवघड पायरी. तरडगाव म्हणा, बरड म्हणा, कुठल्याही मुक्कामाला तुमच्या राहुटीत एखादी परभणीकडची आजी असणारच. तिची पिशवी म्हणजे खताच्या गोणीला शिवलेले दोन बंद. ती ती सोडते आणि एकेक वस्तू बाहेर काढून ठेवते : एक लुगडं, एक पोलकं, स्टीलचा तांब्या, हरिपाठाची कोपरे झिजलेली पोथी, मिश्रीची डबी, घडी घातलेला प्लास्टिकचा कागद, सुईदोरा. संपलं. गोणीच मग उशाला जाते.

ती तुमच्या पिशवीकडे टक लावून पाहील. “एवढं काय भरलंस बाबा? लेक नांदायला धाडायलास का?”

उत्तर देऊ नका. सांगण्यासारखं तुमच्याकडे बरंच आहे, कापडाचे थर, शिवणीवरची पट्टी, पाण्याचा स्तंभ वगैरे. पण ती पाच मिनिटांत घोरू लागेल आणि तुम्ही मात्र डोक्याला बांधायच्या दिव्याचा लाल प्रकाश कसा बंद करायचा हे शोधत बसाल. पहाटे ती अंधारात, दिव्याशिवाय, सगळ्यांच्या आधी तयार असेल. यामागे पन्नास वर्षांची सवय आहे, असं स्वतःला समजवा. सवय विकत मिळत नाही, मग तुमचा काय दोष?

पायरी १० : वस्तू पद्धतशीर हरवा

संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि टाळ-मृदंगांचा एवढा गजर एका क्षणात थांबतो. त्या वेळी दिंड्यांच्या अडचणी ऐकल्या जातात आणि हरवल्या-सापडल्याची वर्दी दिली जाते. तुमच्यासारख्या सुसज्ज माणसासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र आपल्या वस्तूंना आधीच सोपी मराठी नावं देऊन ठेवा. हजारो माणसं गप्प उभी असताना ‘घडी होणारा सिलिकॉनचा पेला’ आपला आहे हे सांगायला पुढे होणं मनाला जड जातं. काही जण अशा वेळी पेल्यावरचा हक्क सोडून देतात. वैराग्याचा पहिला धडा इतका स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही.

पुढचे धडे आपोआप होतात. वेळापूरच्या सुमारास टी-शर्ट पाचाचे तीन झालेले असतात. बूट गळ्यात आणि पायात रस्त्याकडेच्या टपरीवरची रबरी चप्पल असते. काठ्या राहुटीची दोरी ताणायला कामी आलेल्या असतात. जाकीट ट्रकवाल्यानं इंजिनावर टाकलेलं असतं. आणि तुम्ही कोणाच्या तरी प्लास्टिकच्या कागदाचं एक टोक डोक्यावर धरून चालत असता. या स्थितीला खचून जाऊ नका, आणि मुख्य म्हणजे ती कोणाला कळू देऊ नका.

पायरी ११ : तज्ज्ञ व्हा

परत आल्यावर आठवड्याच्या आत पुढच्या वर्षीच्या नवख्यांसाठी यादी तयार करा. तीन सदरं तीच ठेवा. वापरलेल्या वस्तू लिहायची गरज नाही, त्या पाच-सहाच निघतील आणि वाचणाऱ्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. न वापरलेली प्रत्येक वस्तू ‘अत्यावश्यक’मध्ये घाला, कारण ती अजून कोऱ्या स्थितीत आहे आणि तुम्हाला ती कोणाला तरी अर्ध्या किमतीत विकायची आहे.

बूट मात्र विकू नका. ते माळ्यावर टाका.